गेम लावला की पीसी तापतो आणि बंद पडतो. नवीन मदरबोर्ड घेण्याआधी काय काय तपासू?

अकोटचा_अक्षय | १० मे, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. पुण्यात होतो तेव्हा २०२१ मध्ये पीसी जोडून घेतला होता. मार्चपासून काम घरूनच करायची मुभा मिळाली, म्हणून बिऱ्हाड आवरून गावी अकोटला आलो. पीसी ब्लँकेटात गुंडाळून ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून आणला.

माल असा आहे: आय५-१०४००एफ प्रोसेसर आणि त्याच्यासोबत डब्यात आलेलाच पंखा, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, ४५० वॅटचा पॉवर सप्लाय, ६०० व्हीएचा यूपीएस. कॅबिनेटला पुढे एक पंखा, मागे एक.

दिवसभर ऑफिसचं काम करतो, काही त्रास नाही. रात्री गेम लावला की पाच मिनिटांत अडखळायला लागतो, चित्र थांबून थांबून पुढे सरकतं. पंखा इतका ओरडतो की स्वयंपाकघरातून आई विचारते, आता मिक्सर कोणी लावला. आणि काही दिवशी तर नुसता टक् असा आवाज होतो आणि सगळंच बंद. स्क्रीन काळी, पंखे थांबलेले. बटण दाबलं की परत सुरू.

गावातल्या एका दुकानात नेला. त्यांनी थोडा वेळ चालवून सांगितलं, प्रोसेसर तापतो आहे, बोर्डही गेला, दोन्ही बदला, बावीस हजार. पहिल्या पगारातून पैसे साठवून घेतलेला पीसी आहे हा. कारण कळलं तर खर्च करीन, पण न कळता नाही करायचा. कोणाला असा अनुभव आहे का?

बोरिवली_फास्ट | १० मे, रात्री ११:३४

लिक्विड कूलर घे, विषय संपला.

निळाशार | १० मे, रात्री ११:४१

@बोरिवली_फास्ट, ६५ वॅटच्या प्रोसेसरला लिक्विड कूलर कशाला? चार वर्षं त्याच पंख्यावर चालला ना? मग आत्ताच काय बिघडलं ते आधी शोधायला हवं.

अक्षय, आज एक साधी गोष्ट कर. कॅबिनेटची बाजूची पाटी काढ आणि तोच गेम लाव. पाटी काढल्यावर आठ-दहा अंश उतरले तर हवा खेळत नाही असं समज. काहीच फरक पडला नाही तर भानगड आत आहे.

सुभेदार | ११ मे, सकाळी ७:०५

रॅम काढा, सोनेरी पट्टी खोडरबराने घासा, परत बसवा. माझे निम्मे पीसी यावर दुरुस्त झाले आहेत.

मीटरवाला | ११ मे, सकाळी ९:१२

अक्षयभाऊ, तुमच्या पोस्टमध्ये दोन वेगळे आजार आहेत आणि दुकानात दोन्हींना एकच नाव मिळालं आहे. अडखळणं वेगळं, एकदम बंद पडणं वेगळं.

प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तुमच्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची आहे. तिथे पोचला की वेग उतरवत जातो आणि चित्र अडखळतं. वेग उतरवूनही ताप आवरला नाही, तर अगदी शेवटी यंत्र स्वतःला बंद करतं. म्हणजे तापून बंद पडणारा पीसी आधी बराच वेळ सूचना देत असतो. छान चालता चालता एका क्षणात गेला तर मी आधी विजेकडे बघतो. पॉवर सप्लाय, यूपीएस, प्लग, वायर.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसेल आणि लोक त्याच्यावरून वाट्टेल ते निष्कर्ष काढतात. त्याचा अर्थ एवढाच की पीसी नीट बंद न होता गेला. कशामुळे गेला हे ती नोंद सांगत नाही.

आता काम. एचडब्ल्यूइन्फो ६४ हा तापमान दाखवणारा प्रोग्राम उतरवून घ्या, फुकट आहे. सुरू करताना 'सेन्सर्स ओन्ली' निवडा. खाली नोंद ठेवायचं बटण आहे, ते दाबलं की दर दोन सेकंदांनी एक ओळ फाइलमध्ये लिहिली जाते. पीसी बंद पडला तरी शेवटची ओळ फाइलमध्ये राहते. गुन्हा घडला त्या क्षणी कोण कुठे होतं ते त्या ओळीत कळतं.

आणि आकडा किती झाला याच्याइतकंच तो किती वेळात झाला हे बघा. ताप वीस-पंचवीस मिनिटांत हळूहळू चढत गेला तर धूळ किंवा कोंडलेली हवा. पाच-दहा सेकंदांत नव्वदच्या वर उडाला तर पंख्याखालचा धातूचा ठोकळा प्रोसेसरवर नीट टेकलेलाच नाही. पातेलं शेगडीवर नीट टेकलं नाही तर पाणी तापत नाही, इथे उलट बाजूने तेच होतं. प्रोसेसरची उष्णता वर चढायला जागाच मिळत नाही.

मोजल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका.

इचलकरंजीकर | ११ मे, दुपारी १:३०

मीटरवाल्यांना माझा दुजोरा, पण धुळीला कमी लेखू नका. आमच्या घरामागे यंत्रमाग आहेत. हवेत सुताचा बारीक भुसा कायम असतो, डोळ्यांना दिसत नाही. दोन वर्षांनी पंखा उघडला तर खाली राखाडी रंगाची गादी! बोटांच्या चिमटीत धरून उचलली तर सलग निघाली, पंख्याच्या आकाराची गोल. वरून बघितलं तर पंखा स्वच्छ दिसायचा, कारण सगळा भुसा पंखा आणि त्याच्या खालच्या ठोकळ्याच्या पात्यांच्या मधे बसलेला. नुसती वरून फुंकर मारून तो निघत नाही भावा. पंख्याचे स्क्रू किंवा खिट्ट्या सोडवून पंखा वेगळा करायचा, मग मऊ ब्रशने.

ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव. हवेच्या जोराने पंखा भन्नाट फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. माझा एक असाच गेला.

स्मिता_पेण | ११ मे, दुपारी ३:१०

माझ्या मुलाचा पीसी असाच बंद पडायचा. आमचं कॉम्प्युटर टेबल जुन्या पद्धतीचं, खाली सीपीयूसाठी खण आणि त्याला दार. पाठीमागे वायरींपुरतं एक भोक. दिसायला नीटनेटकं राहतं म्हणून दार मी लावून ठेवायचे. मुलगा सांगायचा, आई दार उघडं ठेव, आणि मी म्हणायचे पसारा दिसतो. एकदा तो खेळत असताना मी त्या खणात हात घातला तर इडलीपात्राचं झाकण उघडल्यासारखी वाफ अंगावर आली. त्या दिवशी दार बिजागरीसकट काढून टाकलं. मुलाचं म्हणणं खरं होतं.

अक्षय, तुझा पीसी कुठे ठेवला आहेस?

दर्यावर्दी | ११ मे, रात्री ८:४४

वेंगुर्ल्यातून लिहितो. इकडे धूळ कमी, खारी हवा जास्त. माझ्या पॉवर सप्लायचे स्क्रू दीड वर्षात गंजले. ज्यांचं घर समुद्राजवळ आहे त्यांनी पीसी महिनोन् महिने बंद ठेवू नये. रोज चालला तर आतली उबदार हवा ओल धरू देत नाही. विषयांतर झालं, पण धाग्यात नोंद असू दे.

अकोटचा_अक्षय | ११ मे, रात्री १०:५०

सगळ्यांचे आभार. स्मिताताई, टेबलाच्या बाजूला उघड्यावरच आहे, जमिनीवर नाही, लाकडी पाटावर.

आकडे घेतले. काहीच न चालवता ५८ अंश. खोलीत तेव्हा ३४ होतं. गेम लावला आणि मोबाइलवर घड्याळ लावून बसलो. सहा सेकंदांत ९६. दहाव्या सेकंदाला १००. तिथून हललाच नाही, वेग मात्र २.२ गिगाहर्ट्झवर आला. ग्राफिक्स कार्ड ६६ वर निवांत.

निळाशारदादा, बाजूची पाटी काढूनही बघितलं, एक अंशाचाही फरक नाही.

मीटरवाला | ११ मे, रात्री ११:०२

सहा सेकंदांत ९६ म्हणजे धूळ नाही. ठोकळा उचलला गेला आहे.

तुमच्या पंख्याला चार कोपऱ्यांत चार काळी बटणं असतील, प्लॅस्टिकची. तीच त्याला बोर्डावर धरून ठेवतात. पीसी बंद करा, प्लग काढा, कॅबिनेट आडवं करा आणि प्रत्येक बटणापाशी ठोकळा बोटाने हलवून बघा. बोर्डाच्या मागून दिसायला जागा असेल तर तिथूनही बघा. चारही ठिकाणी पांढरे पाय फाकलेले आणि त्यांच्या मधे काळी खिळी आलेली दिसली पाहिजे. एखादीकडे पाय मिटलेले असतील तर ती सुटली आहे.

पुणे ते अकोट, रात्रभर डिकीत. मला तर आत्ताच दिसते आहे.

बोरिवली_फास्ट | ११ मे, रात्री ११:०९

सहा सेकंदांचं गणित मला माहीत नव्हतं. लिक्विड कूलरचा सल्ला मागे घेतो.

अकोटचा_अक्षय | १२ मे, सकाळी ११:१५

सापडलं!!

खालचं डावं बटण. वरून बघितलं तर चारही सारखीच दिसत होती. बोट लावलं तर तीन दगडासारखी घट्ट आणि चौथं दुधाच्या दातासारखं हललं. मोबाइलचा टॉर्च बोर्डामागे धरला तर तीन ठिकाणी पांढरे पाय पसरलेले आणि चौथ्या ठिकाणी नुसतं भोक. पाय अर्धा वर सरकून आलेला. त्या कोपऱ्यात ठोकळा आणि प्रोसेसर यांच्या मधे वहीचा कागद सहज सरकला.

तसंच दाबून टाकू का?

मीटरवाला | १२ मे, सकाळी ११:२१

नको, थांबा. ठोकळा एकदा उचलला गेला की त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली, उष्णता वर पोचवणारी पेस्ट तुटते, तिच्यात हवा शिरते. पूर्ण काढून नवीन पेस्ट लावूनच बसवा.

बटणावर बाण असतो. बाणाच्या दिशेने फिरवलं की खिळी सुटते, मग वर ओढायची. चारही सुटली की ठोकळा उचला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ सुती कापडाने पुसा, दोन्हीकडची. नवी पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी. पसरवत बसू नका, दाबाने आपोआप पसरते. बसवण्याआधी चारही बटणं बाणाच्या उलट दिशेला पूर्ण फिरवून घ्या. मग आधी एक कोपरा, मग त्याच्या समोरचा तिरका कोपरा, मग उरलेले दोन. प्रत्येकाचा खट् आवाज यायला हवा. बोर्ड थोडा वाकेल, घाबरू नका, पण हात बोर्डाच्या मागून आधाराला ठेवा.

डब्लिनकर | १२ मे, दुपारी ४:४०

ज्यांच्याकडे एएमडीचे एएम४ सॉकेटचे रायझन प्रोसेसर आहेत त्यांच्यासाठी एक सूचना, कारण मला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि वरून प्रोसेसरला धरणारी पाटी नसते. पेस्ट वाळलेली असली आणि ठोकळा सरळ वर ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटातून उपटून येतो. माझा आला. सात पिना वाकल्या. मेकॅनिकल पेन्सिलच्या टोकाने एक एक पिन सरळ करत बसलो, दोन तास श्वास रोखून. वाचला. ठोकळा काढण्याआधी पीसी दहा-पंधरा मिनिटं जरा जोरात चालवून पेस्ट मऊ करा, मग बंद करून ठोकळा डावी-उजवीकडे हलका पिळत सोडवा.

इकडे खोलीत २० अंश असतात म्हणून माझे आकडे तुमच्याशी ताडून बघू नका. खोली जितकी गरम, तितके अंश प्रोसेसरच्या आकड्यात मिळवायचे. खोलीतल्या हवेपेक्षा थंड तर कुठलाच पंखा करू शकत नाही.

इचलकरंजीकर | १२ मे, सायंकाळी ६:०२

@डब्लिनकर, दोन तास पिना सरळ केल्या? मानलं तुम्हाला!

बोरिवली_फास्ट | १२ मे, सायंकाळी ६:३०

अक्षय, मे महिन्यात अकोल्याकडे बाहेर ४४-४५ असतं ना? चांगला कूलर घेतला आहेस का मुळात?

अकोटचा_अक्षय | १२ मे, सायंकाळी ६:५५

हो भाऊ, मोठा आहे, लोखंडी बॉडीचा, वाळ्याचे पडदे लावलेला. खिडकीतच बसवला आहे.

बोरिवली_फास्ट | १२ मे, सायंकाळी ६:५८

मी प्रोसेसरचा कूलर विचारत होतो 😄

अकोटचा_अक्षय | १२ मे, सायंकाळी ७:०१

आमच्याकडे मे महिन्यात कूलर म्हटलं की एकच 😄

वैदेही_नागपूर | १२ मे, रात्री ९:१८

हसू आलं, पण यात एक कामाचं सांगते. आमच्याकडेही तसाच कूलर आहे. पीसीची आणि कूलरची तोंडं समोरासमोर ठेवू नका. इकडचं बोअरचं पाणी जड, क्षारांचं. कूलरच्या वाऱ्यासोबत अगदी बारीक तुषार येतात आणि बोर्डावर पांढरट डाग सोडतात. मी माझ्या ग्राफिक्स कार्डाच्या पाठीवर ते पाहिले आहेत. खोली थंड होऊ द्यावी, थेट वारा पीसीवर नको. उन्हाळ्यात इकडची हवा कोरडी असते, तेव्हा नुसत्या दमटपणाचं भय नाही, तुषारांचं आहे.

अकोटचा_अक्षय | १४ मे, रात्री १०:१०

काल अकोल्याहून पेस्ट आणली, ३५० रुपये. आज बसवली. तिरक्या कोपऱ्यात दाबताना हात थरथरत होते, चार वेळा खट् ऐकल्यावर जीव भांड्यात पडला. इचलकरंजीकरांचं ऐकून पंखाही वेगळा काढला. गादी नाही, पण पात्यांत बरीच धूळ आणि एक मेलेली मुंगी निघाली.

खोलीत ३४ अंश असतानाचे आकडे: नुसता चालू असताना ४३. गेममध्ये अर्ध्या तासानंतर ७३. वेग पूर्ण. पंख्याचा आवाज निम्म्याहून कमी. आईनेच येऊन विचारलं, आज खेळत नाही का.

बावीस हजारांचं काम साडेतीनशेत झालं. मीटरवाले दादा, तुम्हाला अकोटला यायचं निमंत्रण.

मीटरवाला | १४ मे, रात्री १०:२५

खूप बरं वाटलं वाचून. पण नोंद ठेवणं बंद करू नका. तो टक् आवाज मला अजून खुपतो आहे. थंड प्रोसेसरवरही तो आला तर लगेच सांगा.

निळाशार | १४ मे, रात्री १०:४८

आणखी एक, तुझी स्क्रीन ६० हर्ट्झची असेल तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये 'मॅक्स फ्रेम रेट' ६० ला बांध. स्क्रीन दाखवू शकत नाही ती चित्रं तयार करण्यात कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही उगीच तापतात. उन्हाळ्यात मला याने जवळजवळ दहा अंशांचा दिलासा मिळाला.

अकोटचा_अक्षय | १८ मे, रात्री ९:०४

मंडळी, परत झालं. चार दिवस छान चालला. आत्ता वीस मिनिटांपूर्वी खेळताना टक्, आणि सगळं काळं.

नोंदीची शेवटची ओळ: प्रोसेसर ७१, ग्राफिक्स कार्ड ६८, वेग पूर्ण. काहीही तापलेलं नाही. डोकं चालेना. दुकानवाले म्हणत होते तसा बोर्डच गेला का?

सुभेदार | १८ मे, रात्री ९:१५

रॅम घासली का?

डब्लिनकर | १८ मे, रात्री ९:३१

सुभेदार, खोडरबराचा भुगा स्लॉटमध्ये पडला तर नवं दुखणं. आयसोप्रोपिलने पुसणं बरं. आणि रॅमचा दोष असेल तर सहसा निळी स्क्रीन येते किंवा गेम बंद पडतो. पंख्यांसकट सगळी वीज जाणं हे रॅमचं लक्षण नाही.

सुभेदार | १८ मे, रात्री ९:४०

मान्य. पूर्वी जुन्या बोर्डांवर मला त्याचा गुण आला आहे म्हणून सांगतो. इथे लागू नसेल.

निळाशार | १८ मे, रात्री ९:५५

मला पॉवर सप्लाय वाटतो. १६६० सुपर १२५ वॅट ओढतं, प्रोसेसर जोरात धावताना थोड्या वेळासाठी १३४ वॅटपर्यंत जाऊ शकतो. चांगल्या ४५० वॅटच्या सप्लायला हे जड नाही, पण तुझा कसा आहे? त्यावर कार्यक्षमतेचा ८० प्लस शिक्का आहे का? नुसते ४५० छापलेले, वजनाला हलके असे बरेच सप्लाय मिळतात.

अकोटचा_अक्षय | १८ मे, रात्री १०:०२

८० प्लस ब्राँझ आहे. पुण्यात त्यावर जाणूनबुजून पैसे घातले होते. अजून एक, अनवाणी असताना कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. पुण्यात येत नव्हत्या. याचा संबंध आहे का?

मीटरवाला | १८ मे, रात्री १०:२०

झिणझिण्या म्हणजे तुमच्या त्या सॉकेटला अर्थिंग नाही. पीसीच्या सप्लायमध्ये गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते थोडी वीज कॅबिनेटवर सोडतात. अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते, नसेल तर तुमच्या हातातून. बंद पडण्याचं हे कारण वाटत नाही, पण वायरमनला बोलावून हे आधी नीट करून घ्या. घरात सगळे त्याच सॉकेटच्या आसपास वावरतात.

वैदेही_नागपूर | १८ मे, रात्री १०:३३

मी पहिली पोस्ट परत वाचली. अक्षय, तीन प्रश्न.

टक् आवाज कुठून येतो, कॅबिनेटातून की खालून यूपीएसमधून?
दुकानात पीसी नेलास तेव्हा यूपीएस नेला होतास का?
आणि बंद पडला ते दिवस कोणते होते? तारखा असतील तर दे.

अकोटचा_अक्षय | १८ मे, रात्री १०:५१

ताई, नीट विचार केला तर आवाज खालूनच येतो, पायापाशी यूपीएस आहे तिथून. दुकानात फक्त कॅबिनेट नेलं होतं, आणि हो, तिथे तो अडखळला, पण एकदाही बंद पडला नव्हता.

इव्हेंट व्ह्यूअरमधून ४१ च्या तारखा काढल्या. एप्रिल ३०, मे ६, मे १२, आज १८. सगळ्या रात्री आठ ते नऊच्या मधे.

थांबा. आज आमच्याकडे नळ आला होता.

वैदेही_नागपूर | १८ मे, रात्री १०:५६

सहा-सहा दिवसांनी? किती वाजता येतो नळ?

अकोटचा_अक्षय | १८ मे, रात्री १०:५८

रात्री आठला. सहाव्या दिवशी. अख्ख्या आळीत टुल्लू पंप सुरू होतात 🤯

वैदेही_नागपूर | १८ मे, रात्री ११:१७

सापडला चोर.

मोटर सुरू होताना एका क्षणाला तिच्या नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. नळ आल्याबरोबर आळीतल्या मोटारी पाठोपाठ सुरू झाल्या की व्होल्टेज धप्पकन खाली येतं. बल्ब डोळा मारतो ना, तेव्हा. यूपीएसला ते जाणवतं आणि तो टक् करून बॅटरीवर जातो. त्याचं कामच ते. तो बदल काही मिलिसेकंदांत होतो आणि पीसीचा सप्लाय साठवलेल्या विजेवर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, त्यामुळे एरवी तुम्हाला कळतही नाही.

पण बॅटरी २०२१ ची असेल, हो ना? या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची शिशाची बॅटरी असते. दोन-तीन वर्षांत ती थकते, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात त्याच्याही आधी. ऑफिसचं काम करताना पीसी साठ-सत्तर वॅट घेतो, तेवढं ती मेल्या अंगाने पेलते. गेममध्ये अडीचशे वॅट मागितले की तिचं व्होल्टेज कोसळतं आणि यूपीएसही बंद, पीसीही बंद. तुमचा ६०० व्हीएचा म्हणजे बहुतेक ३६० वॅटचा, त्यामुळे भार जास्त होतो असं नाही. बॅटरी गेली आहे.

खात्री करायची असेल तर पीसी काढून ठेवा. यूपीएसला शंभर-शंभर वॅटचे दोन जुने पिवळे बल्ब जोडा, आणि भिंतीवरचं बटण बंद करा. बल्ब लगेच विझले तर बॅटरीच.

मीटरवाला | १८ मे, रात्री ११:२४

वैदेहीताई, सलाम. टक् मला खुपत होता, पण मी बोर्डाच्या आसपासच शोधत राहिलो. तारखा मागायचं मला सुचलं नाही.

अकोटचा_अक्षय | १९ मे, सकाळी ९:४०

शंभरचा पिवळा बल्ब आता घरात एकच उरला आहे, देवघरातला. दुसरा शेजारच्या काकूंकडून आणला. बटण बंद केलं. टक्, दोन सेकंद बल्ब लालसर झाले आणि विझले. यूपीएसने एकदा क्षीण शिट्टी मारली तेवढीच.

मागचं झाकण उघडलं तर बॅटरीचं पोट दोन्हीकडून फुगलेलं. खाचेतून निघता निघेना.

इचलकरंजीकर | १९ मे, सकाळी ९:५२

फुगलेली आहे तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नको. आत ॲसिड असतं. यूपीएस तसाच दुकानात ने, ते काढतील.

स्मिता_पेण | १९ मे, सकाळी १०:३०

हा धागा मुलाला वाचायला दिला. तो आमच्या यूपीएसखाली वाकून बॅटरीवरची तारीख बघतो आहे.

अकोटचा_अक्षय | २४ मे, रात्री ९:३५

नवी बॅटरी ९०० रुपयांना बसली. वायरमन काकांनी अर्थिंगही जोडून दिलं, झिणझिण्या गेल्या.

आज सहावा दिवस. आठला नळ आला. मी मुद्दाम गेम लावून बसलो, आई पाणी भरत होती. आठ वाजून चार मिनिटांनी ट्यूबलाइट फडफडली. यूपीएस टक्. माझा हात आपोआप कीबोर्डवरून उचलला गेला. पीसी चालूच. परत टक्, परत चालू. सात-आठ वेळा झालं. नऊपर्यंत खेळलो. प्रोसेसर सर्वांत जास्त ७४.

दुकानातल्यांना जाऊन सांगणार आहे, रागाने नाही. त्यांच्याकडे असे आणखी पीसी येत असतील, म्हणून.

एक राहिलं, जुनी बॅटरी घरीच घेऊन आलो. हिचं काय करू? भंगारवाल्याला देऊ का?

वैदेही_नागपूर | २४ मे, रात्री ९:५०

भंगारात नको, फोडून शिसं काढतात आणि ॲसिड गटारात जातं. जिथून नवी घेतलीस तिथेच परत दे. जुनी बॅटरी घेऊन ते नवीच्या किमतीत थोडी सूट देतात. पावती दाखवलीस तर आताही वळते करतील.

अकोटचा_अक्षय | २५ मे, दुपारी १२:२०

दिली. ८० रुपये परत मिळाले.